अकरावा खण

१

गाब्रोव्होची माणसं चिक्कू असतात हे साऱ्या बल्गेरियाला ठाऊक आहे, आणि गाब्रोव्होकरांना त्याचा राग येणं सोडाच, उलट छाती फुगते. दार झटकन लागावं, घरातली ऊब बाहेर जाऊ नये, म्हणून हे लोक मांजरांच्या शेपट्या कापतात, असं त्यांच्याबद्दल सांगतात. हा विनोद ते स्वतःच पाहुण्यांना ऐकवतात आणि तोही कॉफीच्या आधी. हसता हसता पाहुणा कॉफी विसरला तर तेवढंच वाचलं.

नेदा ज्या सर्व्हर-घरात कामाला होती, त्याचे मालक मिंचो साहेब म्हणजे या गावाचा अर्कच. जुन्या विणकाम गिरणीचा वरचा मजला त्यांनी घेतला तो भिंती जाड म्हणून, म्हणजे गारव्याची वीज वाचते. त्या मजल्यावर मधोमध त्यांची लाडकी लोखंडी पेटी उभी होती. चासिस म्हणायचे तिला. वर आठ खण, खाली आठ खण, आणि एकेका खणात फळीवर पुस्तक उभं सरकवावं तसा एकेक चपटा सर्व्हर. त्याला ब्लेड म्हणतात; गावातल्या दवाखान्याचं एक, पोस्टाचं एक, शाळांचं एक, असं. सोळा खणांच्या पेटीत मिंचो साहेबांनी ब्लेड घेतली पंधराच. अकराव्या खणाच्या तोंडावर प्लॅस्टिकचं झाकण बसवलं आणि वर म्हणाले, "पेटीला श्वास घ्यायला जागा नको का?"

त्या दिवशी सकाळी नेदा जिना चढून आली तेव्हा तिचा कामातला जोडीदार ब्लागोय टेबलाशी नुसताच बसला होता. ब्लागोय म्हणजे दारात उभा राहिला तर मागचा उजेड अडवणारा गडी. रोज सकाळी तो आईच्या हातची गरम बानित्सा, म्हणजे चीज भरून वेटोळं केलेली भाजलेली गुंडाळी, घेऊन यायचा, आणि तिच्या चीजच्या वासाने अख्खा मजला जागा व्हायचा. आज वास नव्हता.

"काय रे, आज हात हलवत आलास?"

"आई दवाखान्यात आहे," ब्लागोय म्हणाला. "काल अंगणातल्या पायरीवरून घसरली. रात्री टेंगूळ दाखवून हसवत होती सगळ्यांना. सकाळी बघतो तर बोलताना शब्द सापडेनात तिला. डोक्यात रक्त साकळलंय म्हणे. दुपारी ऑपरेशन आहे."

"अरे देवा! मग तू इथे काय करतोयस?"

"तिनेच हाकललं. खुणेनं म्हणाली, इथे बसून सरकारी खुर्ची झिजवू नकोस." तो हसला, पण हसणं अर्ध्यावरच सुटलं. "बाई, मला काहीतरी काम दे. नाहीतर मी वेडा होईन."

काम मागायची खोटी, फोन वाजला. पलीकडे डॉक्टर तोप्लोवा होत्या, दवाखान्यातल्या मेंदूच्या सर्जन, आणि भडकलेल्या होत्या. "तुमच्याकडे काय गोंधळ चाललाय? पेना आजींच्या डोक्याचे फोटो उघडत नाहीयेत! कवटी कुठे उघडायची ते मी काय अंदाजाने ठरवू?"

"परत काढता येतील का?" नेदाने विचारलं.

"काढून ठेवू कुठे? आमचं यंत्रही साठवायला तुमचीच जागा मागतं. दुसरा दवाखाना डोंगरापलीकडे आहे, आणि त्या रस्त्याचे धक्के या बाईंना सोसायचे नाहीत. दुपारपर्यंत फोटो द्या मला."

पेना आजी म्हणजे ब्लागोयचीच आई, आणि त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो उठला आणि बाह्या सरसावायला लागला.

२

दुखणं तसं ओळखीचं होतं. सर्व्हरच्या पोटात काहीच नसतं, सगळा माल शेजारच्या कपाटात, स्टोरेजमध्ये. प्रत्येक ब्लेडला त्या कपाटाकडे जायच्या दोन वाटा, एक डावी, एक उजवी. एक बंद पडली तर दुसरीवरून जावं. आणि आज दवाखान्याच्या ब्लेडच्या दोन्ही वाटा बंद होत्या.

"सोप्पंय," नेदा म्हणाली. तिने ते ब्लेड अर्धवट बाहेर ओढलं, थोडं थांबून पुन्हा आत दाबलं. दिवे लागले, वाटा हिरव्या झाल्या. "झालं! कर फोन डॉक्टरीणबाईंना!"

ब्लागोयने फोन उचलेपर्यंत दुसरंच ब्लेड लाल झालं. ते पोस्टाचं होतं. तिने ते बसवलं, तर दवाखाना पुन्हा गेला. केबल बदलली, तर चीजच्या कारखान्याचं ब्लेड गेलं. टोकाचा काचेच्या धाग्याचा प्लग पुसून लावला, तर शाळांचं गेलं. एक बसलं की एक उठत होतं.

"ही तर संगीत खुर्ची चाललीय," ब्लागोय म्हणाला.

नेदा हसली. मग हसता हसता थांबली. संगीत खुर्चीत खुर्ची एक कमी असते. इथे तर एक जास्त होती. खण सोळा, ब्लेड पंधरा, वाटा सोळा जणांच्या. सगळे बसूनही एक जागा उरायला हवी होती.

"ब्लागोय, कुणीतरी जास्तीचं बसलंय."

"कोण बसणार? अकराव्यात तर मिंचो साहेबांची हवा आहे."

तिने स्टोरेजच्या बाजूने बघितलं. कोण कोण आत आलंय ते तिथे दिसतं. पंधरा जण यायचे, जायचे, तडफडायचे. एकच जण ठाण मांडून होता. त्याच्या दोन्ही वाटा हिरव्यागार होत्या, एकदाही हललेल्या नव्हत्या. तो अकरावा खण होता.

३

नेदा घाबरणाऱ्यातली नव्हती, आणि तिच्याकडे कारणांची कमतरताही नव्हती. स्टोरेजला दिसतो तो पत्ता खणाचा असतो, ब्लेडचा नसतो. खण रिकामा असला तरी पत्ता मागे राहू शकतो. भाडेकरू गेल्यावर दारावर त्याची पाटी राहते, त्यातलाच प्रकार.

"जुनी नोंद असेल," ती म्हणाली. "पुसून टाकते."

तिने पुसली. अकरावा गेला. आणि ती खुर्चीत मागे टेकते न टेकते तोच परत आला. तिने परत पुसला. तो परत आला, आणि या वेळी त्याने जागा मागितली. मला लिहायला जागा द्या. शांतपणे, थांबून थांबून, तेच तेच मागणं.

"पाटी कधी जागा मागते का गं?" ब्लागोयने विचारलं.

"गप रे."

तिने झाकण काढलं. आत काहीच नव्हतं, नुसता अंधारा चौकोनी बोगदा आणि शेवटी पितळी दातांची पट्टी. दोन्ही बाजूंच्या ब्लेडमुळे खणाच्या कडा तापलेल्या होत्या. अकराव्यात हात घातल्यावर मात्र बोटं गारठली. गारठ्याचंही तिला काही विशेष वाटलं नसतं. पण हातातलं झाकण आतल्या बाजूने ऊबदार होतं, कुणीतरी बराच वेळ गाल टेकवून ठेवल्यावर होतं तेवढं.

तिने ते ब्लागोयच्या हातात दिलं. त्याने हातात घोळवलं, कानाला लावलं, आणि "हॅलो, मिंचो साहेब?" असं म्हणाला. दोघंही खो खो हसली. हसणं जरा जास्तच लांबलं.

४

पेटीच्या मागे एक बोळ होती. सगळ्या सर्व्हरांची गरम हवा तिच्यात सोडलेली, दोन्ही बाजूंनी बंद, दार एकच, आणि दाराला कुलूप. पंख्यांचा आवाज असा की कानाशी ओरडलं तरी फुकट. म्हणून एक जण बोळीत केबलींपाशी, एक जण पुढे ब्लेडपाशी, आणि मधे, पेटीच्या वर, बोळीत डोकावणारा, घाटातल्या वळणावर असतो तसला फुगीर आरसा. पुढच्याने हाताने खूण करून विचारायचं, मागच्याने मान हलवून सांगायचं.

मानेचंही एक प्रकरणच होतं. गाब्रोव्होतच काय, साऱ्या देशात 'हो' म्हणायला मान डावी-उजवीकडे हलवतात, आणि 'नाही' म्हणायला वर-खाली. बाहेरची माणसं इथे हटकून फसतात. ही पेटी बसवायला यूस्ट नावाचा हॉलंडचा कारागीर आला होता. ब्लागोयने पुढून विचारलं, वीज बंद करू? यूस्टने आपल्या पद्धतीने 'नको, नको' म्हणून जोरजोरात मान डावी-उजवीकडे हलवली. ब्लागोयने खाटकन बंद केली. बिचाऱ्याच्या हातात उघडी पेटी आणि अख्खा मजला काळोखात! यूस्ट अजून दर नाताळला फोन करून त्याच गोष्टीवर हसतो. तेव्हापासून नियम ठरला होता, बोळीत मान बल्गेरियनच हलवायची.

"तू मागे जा," नेदा म्हणाली. "अकराव्याच्या वाटा मुळातूनच तोडू. आधी डावी."

ब्लागोय किल्ल्या खुळखुळवत गेला. नेदा आरशाखाली उभी राहिली. जरा वेळाने आरशाच्या वाकड्या पोटात एक सावली आली, केबलींच्या जुडग्यात थांबली. मानेपुरतंच काय ते दिसत होतं. तिने खूण केली : डावी काढलीस?

मान वर-खाली झाली. नाही.

थांबली. नेदाने पुन्हा विचारलं, काढलीस का? वर-खाली. आता हा माणूस तिथे करतोय तरी काय? तिकडे त्याच्या आईचं डोकं उघडायचंय आणि हा आपला नंदीबैल! तिने चिडून खूण केली : जमत नसेल तर तू बाहेर येतोस का?

मान वर-खाली झाली. सावकाश, मन लावून.

"नाही म्हणे! अरे, नाही काय नाही!" ती ओरडली, आणि तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

मागे ब्लागोय उभा होता. डोळे लाल झालेले. "सॉरी बाई. जिन्यातच होतो. दवाखान्यातून फोन आला होता. आई आता डोळे उघडत नाहीये." त्याने नाक पुसलं. "चल, आता जातो मागे. कुणावर ओरडत होतीस?"

नेदाने आरशात बघितलं. केबली होत्या, भिंत होती.

५

कुलूप दोघांनी मिळून उघडलं. बोळीत कुणी नव्हतं. लपायला तिथे उंदरालाही जागा नाही. अकराव्याच्या मागची डावी केबल मात्र निघालेली होती, नीट वेटोळं करून हुकाला टांगलेली.

"मिंचो साहेबांनी काढली असेल," ब्लागोय म्हणाला.

"मिंचो साहेब? या उकाड्यात फुकटचा घाम गाळायला?"

ब्लागोय स्क्रीनकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "नेदा! केबल निघालेली आहे ना? मग ही वाट हिरवी कशी?"

नेदाचं डोकं वेगळीकडेच चाललं होतं. तिने विचारलं होतं, काढलीस का? आणि ती काढलेलीच होती. म्हणजे त्या मानेने खोटं सांगितलं नव्हतं. ती 'हो' म्हणत होती. बाहेरच्यांच्या रीतीने, यूस्टच्या रीतीने, वर-खाली. इथली रीत ठाऊक नसलेल्या कुणीतरी तिला अगदी खरी उत्तरं दिली होती. पहिल्या प्रश्नाचंही, आणि शेवटच्याही. शेवटचा प्रश्न काय होता ते तिने ब्लागोयला सांगितलं नाही. आईची ही अवस्था असताना त्याच्या डोक्यावर आणखी हे ठेवायची ही वेळ नव्हती.

फोन वाजला. डॉक्टर तोप्लोवा आता भडकलेल्या नव्हत्या. त्या हळू बोलत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. "मी आता फार थांबू शकत नाही. फोटो मिळाले तर आशा आहे. नाहीतर मी चाचपडत जाईन. पोराला सांगून ठेवा."

ब्लागोयने तिच्या हातून फोन घेऊन ठेवला. "काय मागतंय ते?" त्याने विचारलं.

"कोण?"

"नाटक करू नकोस. अकरावा. जागाच मागतोय ना? दे त्याला जागा!"

"अरे, रिकाम्या खणाला जागा? कुणाला देतोय, कशासाठी, काही ठाऊक नाही. वेडा झालास का?"

"हो, झालो! गाब्रोव्होत जन्मून आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता सांगतोय, अर्धं स्टोरेज दे, अख्खं दे. माझी आई आहे ती, नेदा. ते दवाखान्याचं ब्लेड बसव काहीही करून!"

एवढा मोठा बाप्या लहान मुलासारखा रडायला लागल्यावर नेदाचं शहाणपण कुठे टिकतंय? आणि तिलाही पेना काकू काही परक्या नव्हत्या. नेदाचं लग्न मोडलं तेव्हा महिनाभर रोज बानित्सा पाठवून, 'खा, आणि त्याला शिव्या दे, दोन्हीने पोट भरतं' असं म्हणणारी बाई ती. नेदा कळफलकाशी बसली.

पण तीही शेवटी गाब्रोव्होचीच. तिने अर्धं नाही दिलं, पावही नाही. स्टोरेजमध्ये देता येईल तेवढा सगळ्यात लहान तुकडा कापला, कोनाड्याएवढा. तो अकराव्याच्या नावाने लावायच्या आधी ती आरशाखाली जाऊन उभी राहिली. ब्लागोय डोकं हातात धरून बसला होता, त्याचं लक्ष नव्हतं. आरशात सावली आधीच येऊन थांबली होती.

नेदाने दोन बोटांत अंतर दाखवलं : एवढंच. पुरे?

मान वर-खाली झाली.

बाकीच्यांच्या वाटा सोडशील?

वर-खाली.

तिसरंही काहीतरी विचारायला हवं होतं, हे तिला कळत होतं. काय विचारायचं ते सुचत नव्हतं आणि घड्याळ पुढे सरकत होतं. ती परत आली आणि तिने बटण दाबलं.

पंधराही ब्लेड एकदम हिरवी झाली. दवाखाना, पोस्ट, शाळा, चीज, सगळे आपापल्या जागी गपगुमान बसले. डॉक्टर तोप्लोवांचा आवाज फोनमधून किंचाळला, "आले! आले फोटो!" ब्लागोयने नेदाला उचलून गरगर फिरवलं, तिचा चष्मा उडून पेटीखाली गेला, आणि तो जिन्यावरून दणदणत दवाखान्याकडे पळाला.

६

संध्याकाळ व्हायच्या आत त्याचा फोन आला. मागे बायकांचा हसण्याचा आवाज होता.

"नेदा! शुद्धीवर आली! डॉक्टरीणबाई म्हणतात, लोण्यातून सुरी फिरावी तसं झालं. गाल लाल झालेत, डोळे असे चमकतायत, वीस वर्षांनी लहान दिसते बघ."

"हुश्श!" नेदा म्हणाली, आणि तिला खरंच रडू फुटलं. "काय म्हणाली तुला?"

"बोलत नाही अजून. नळी होती ना घशात. पण मजा ऐक. मी विचारलं, आई, मला ओळखलंस का? तर हिने मान वर-खाली केली! ओळखत नाही म्हणे! आणि वर माझा हात धरून हसतेय. मी म्हटलं, पाणी हवं? तर वर-खाली. म्हणून मी पेला बाजूला ठेवला, तर अशी डोळे वटारून बघायला लागली माझ्याकडे!" तो खदाखदा हसत होता. "मग विचारलं, दुखतंय का? तर डावी-उजवीकडे. दुखतंय म्हणून आम्ही नर्सला बोलावलं, आणि सुई बघून हिनं तिचा हातच झिडकारला. भुलीमुळे होतं म्हणतात असं. सगळं उलटं!"

नेदाला हसायचं होतं. पण तिची नजर अकराव्या खणाकडे गेली होती.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे रे. खूप छान झालं. काकूंना सांभाळ."

फोन ठेवून तिने स्टोरेज बघितलं. अकरावा खण गेला होता. दोन्ही वाटा काळ्या. पत्ताही मागे नव्हता. सकाळपासून ती ज्याला हाकलायला बघत होती, तो आपल्या पायाने निघून गेला होता. मागे राहिला होता तो तिने दिलेला कोनाडा, आणि तो काठोकाठ भरलेला होता.

तिने झाकणाला हात लावला. गार होतं. भुलीमुळे होतं, ती स्वतःशी म्हणाली. डोक्याच्या ऑपरेशननंतर माणसं डावं-उजवं विसरतात, नावं विसरतात. मान विसरली त्यात काय मोठंसं? असं तिने स्वतःला बऱ्याचदा सांगितलं, आणि दर वेळी ते थोडं कमी पटलं.

७

पेना काकू घरी आल्या. ब्लागोयच्या हातून बानित्सा पुन्हा यायला लागली, चव तीच, लोणी थोडं जास्तच. फक्त तिचं वेटोळं आता उलट्या दिशेने गुंडाळलेलं असायचं. ब्लागोयचं सगळं बोलणं आईबद्दल. आई जिने चढते, आई पहाटे उठते, आईला आता उकडतंच सारखं, भर थंडीत खिडक्या उघडून बसते. "मान काही सरळ होत नाही तिची," तो म्हणायचा. "मग घरात आम्हीच सगळे तिच्यासारखं करायला लागलो. सवय झाली की बरं वाटतं. तुला शिकवू?"

"नको," नेदा म्हणायची.

एका उन्हाच्या दुपारी मिंचो साहेबांनी स्टोरेजचा हिशेब बघितला आणि त्यांच्या जिवाला घोर लागला. "नेदा, हा बारका तुकडा कुणाचा? अकराव्याच्या नावाचा? अकराव्यात तर हवा आहे. मग फुकट कुणाला पोसतोय आपण? पुसून टाक."

"एवढासा तर आहे, साहेब."

"एवढाएवढासा करूनच लोक भिकेला लागतात. आजच्या आज पूस." आणि ते दिवे मालवत खाली गेले.

नेदाने पुसायची आज्ञा दिली. स्क्रीनने विचारलं, नक्की? बोट उचललेलं तसंच राहिलं, कारण नजर आरशाकडे गेली होती. मजल्यावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि बोळीला कुलूप होतं.

आरशात एक मान होती. आधीची नव्हती ती. ही ठेंगणी होती, केबलींच्या खालच्या ओळीपर्यंत जेमतेम पोचणारी. डोक्याला रुमाल गुंडाळावा तसा काहीतरी गोल आकार होता. नेदा जवळ गेली. पंख्यांच्या आवाजात तिला स्वतःचा शब्दही ऐकू आला नसता, म्हणून तिने नुसते ओठ हलवले. पेना काकू?

मान डावीकडून उजवीकडे गेली, उजवीकडून डावीकडे. अगदी इथली, बाजारात, अंगणात, चर्चच्या पायरीवर रोज दिसते ती. हो, हो, हो.

नेदा धावत टेबलापाशी आली आणि तिने 'नाही' दाबलं. दोनदा दाबलं. कोनाडा तसाच राहिला. काय करायचं, कुणाला सांगायचं, काही सुचत नव्हतं. ज्याला सांगायचं तो तर इतका आनंदात होता.

"नेदा!" त्याचाच आवाज दारातून आला. ब्लागोय हसऱ्या तोंडाने डोकावत होता. "चल खाली, गंमत दाखवतो. आई आलीय! पायी आली इथवर, हात न धरता! तुला भेटायचंय म्हणते."

नेदाने आरशाकडे बघितलं. मान वर-खाली होत होती. इथल्या रीतीने, नाही.

"मला... काम आहे रे. नंतर येते म्हणून सांग."

"मग मीच तिला वर घेऊन येतो. नाहीतरी तिला ती पेटी बघायची आहेच. आल्यापासून धोशा लावलाय, माझे फोटो कुठे ठेवलेत ते दाखव म्हणून."

"नको, ब्लागोय! इथे गार आहे, काकूंना बाधेल!"

"अगं, गारवाच तर हवा असतो तिला!" म्हणत तो जिना उतरायलाही लागला, आणि त्याची हाक गिरणीभर घुमली, "आई, ये गं वर!"

जिन्यावर पावलं वाजली. एक ब्लागोयचं, दणदणीत. दुसरं हलकं, चटपटीत, पायऱ्या भराभर मागे टाकणारं. नेदाने दार ओढून घेतलं, आडणा घातला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. पावलं दाराशी येऊन थांबली. कुणीतरी बोटाने हळूच टकटक केलं.

"नेदा, बाळ," पेना काकूंचाच लाडका आवाज होता तो. "दार उघडतेस ना?"

समोर आरशात ती ठेंगणी मान वर-खाली, वर-खाली होत होती, आणि थांबत नव्हती.